बत्तीस माणसं, तेहतीस आवाज

बसच्या बाहेर उभं राहून तिनं स्वतःची हजेरी ऐकली. आतून, आईच्या आवाजात, एका दमात: "तेवीस-चोवीस!" चोवीस म्हणजे आई. तेवीस म्हणजे ती स्वतः, आणि ती तर इथं बाहेर होती, ओले हात हवेत धरून, पिवळ्या पानांच्या ढिगात घोट्यापर्यंत. तिच्या डोळ्यांदेखत दार फुस्स करून मिटलं, बसनं एक उचकी दिली आणि चांगली दोन हात पुढं सरकली. तेव्हा कुठं तिचे पाय जागे झाले. ती धावली, दारावर दोन्ही तळवे आपटले. दार उघडलं. गाईडबाई हातातल्या मोजणीयंत्राकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "अगं तेवीस, तू आत आहेस ना? मी मोजलं तुला!" सगळी बस हसली. आईही हसली. पर्समध्ये डोकं घालून डोकेदुखीची गोळी शोधत होती, तिथूनच म्हणाली, "अगं बाई! मला वाटलं बाजूलाच आहे. सवयीनं बोलून गेले बघ." आईनं गुडघे बाजूला घेतले, ती त्यांच्यावरून ओलांडून खिडकीपाशी जाऊन बसली आणि गुडघे पुन्हा जागेवर आले. कडी लागल्यासारखे.

हसण्यासारखंच होतं म्हणा. कुणा दुसऱ्याचं झालं असतं तर तीही पोट धरून हसली असती. पण बस सुटली तरी तिच्या छातीत ते दोन आकडे धडधडत राहिले. आपण नसताना आपण आहोत. मोजले गेलो, हिशेब जुळला, बस निघाली. आपण तिथंच पानांत उभ्या राहिलो असतो तर पुढच्या थांब्यापर्यंत कुणाचं काही अडलं नसतं. आणि ती उशिरा का आली होती, तर त्या मातीच्या भांड्यांच्या संग्रहालयातल्या स्वच्छतागृहात, आरशासमोर नळ सोडून, एकच वाक्य घोकत होती: आई, मला मावशीकडे राहायचं नाही. सात वेळा म्हटलं. आरशात सातही वेळा नीट आलं, कुठं ठेच नाही. आठव्यांदा म्हणायच्या आत हॉर्न वाजला.

"डावीकडे बघा मंडळी, डावीकडे!" गाईडबाईंचा आवाज माइकमधून आला आणि बत्तीस डोकी डावीकडे वळली. डावीकडे टेकडीवर जुना दगडी मनोरा होता. "चारशे वर्षांपूर्वीचा!" मागच्या पंचवीस नंबरवर भूगोलाचे निवृत्त मास्तर बसत. ते लगेच पुटपुटले, "साडेतीनशे." त्यांची बायको, सव्वीस नंबर, म्हणाली, "पन्नास वर्षांनी तुमचं काय बिघडतंय? गप बसा." सहलीच्या तिसऱ्या दिवशी या गोष्टी आता पाठ झाल्या होत्या. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उतरा म्हटलं की उतरायचं, वीस मिनिटं म्हटलं की वीसच मिनिटं एखाद्या तळ्याकडे बघून हरखून जायचं. शरदात या भागातलं सगळं कसं बघण्यासारखं होतं म्हणे: पानं झडणारे रस्ते, मनोरे, विणकरांची गल्ली, सफरचंदांच्या बागा, जुना पूल. बघायचं मात्र काचेतून. काच उघडत नसे. गाडीच्या आत थंड हवेचा एक सततचा घुंईऽ आवाज, पडद्यांना कुठल्याशा सुगंधी फवाऱ्याचा वास, आईच्या पर्समधल्या संत्र्याच्या सालीचा वास, आणि मांडीला मांडी लावून आई. आईचा दंड गरम होता. पहिल्या दिवशी त्याच दंडाला टेकून ती झोपली होती आणि झोपेत चक्क सुखानं हसली होती म्हणे. आईबरोबर, फक्त आईबरोबर, चार दिवस! वडील दूरच्या बंदरात क्रेन चालवणारे, वर्षातून दोनदा येणारे. आई चष्म्याच्या दुकानात, "हे स्पष्ट दिसतंय की हे?" असं दिवसभर लोकांना विचारून संध्याकाळी स्वतः डोळे मिटून बसणारी. अशा आईनं सहामाही सुट्टीत सहलीची दोन तिकिटं आणली म्हटल्यावर ती घरभर नाचली होती. नाचताना तिच्या हेही लक्षात आलं नव्हतं की चार दिवसांच्या सहलीसाठी आईनं मोठी लाल बॅग काढली आहे.

ती लाल बॅगसुद्धा एक गोष्टच. ती चार वर्षांची असताना तिचे शब्द अडकायचे. सगळे नाहीत. दाराशी गर्दी झाल्यावर होतं तसं व्हायचं, सगळे एकदम बाहेर पडायला बघायचे आणि पहिलाच उंबऱ्यावर आडवा पडायचा. दुकानदारानं बरण्या दाखवून विचारलं होतं, कुठली गोळी हवी ग चिमणे? तिला पिवळी हवी होती. "पि," ती म्हणाली, "पि, पि," मागे रांग ताटकळलेली, कुणीतरी घसा खाकरला, आणि आई चटकन म्हणाली, "लाल द्या हो. तिला लाल आवडते." झालं! त्या दिवसापासून तिला लाल आवडते. लाल स्वेटर, लाल डबा, लाल छत्री, लाल बॅग. मावश्या-काकवांना, शेजारणींना, सगळ्यांना ठाऊक: चिमणीला लाल आवडतो. बारा वर्षं ती दुसऱ्याच कुणाच्या तरी आवडीचे कपडे घालून हिंडत होती. आणि आई वाईट नव्हती हो! हेच तर सगळं अवघड होतं. आई वाईट असती तर भांडता आलं असतं. आई फक्त दोन श्वास थांबायची, तिसऱ्याला लेकीचे हाल बघवायचे नाहीत, आणि मग लेकीच्या तोंडात घास भरवावा त्याच्या अगदी उलट तिच्या तोंडातला शब्द काढून घ्यायची. डॉक्टरांकडे: पोट दुखतंय तिचं. शाळेत: येतं तिला सगळं, बोलत नाही इतकंच. फोनवर: हो हो, बरी आहे ती, तुमची आठवण काढते. ती कुणाची आठवण काढत नसे. तिला आठवण काढायला उसंतच कुठं होती, ती पुढचा शब्द कुठून काढायचा या विवंचनेत असायची.

आणि यंदा, पाऊस ऐन भरात असताना, चमत्कार झाला. शाळेत सकाळी भोंग्यावरून दिवसाच्या सूचना वाचणारी मुलगी आजारी पडली, आणि बाईंनी समोर जी दिसली तिला दंडाला धरून त्या कोंदट खोलीत माइकसमोर बसवलं. हातात कागद. समोर भिंत. भिंतीवर एक घड्याळ. तिनं तोंड उघडलं आणि वाक्य आलं. पूर्ण आलं! "आज चौथ्या तासाला खेळाचे मैदान बंद राहील." एवढं सुंदर वाक्य जगात कुणी उच्चारलं नसेल. मग दुसरं, मग तिसरं. त्या खोलीत तिची वाट बघणारं एकही तोंड नव्हतं, कुणाच्या भुवया मदतीला धावत नव्हत्या, आणि तिला त्या दिवशी कळलं की शब्द तिच्या घशात अडकतच नव्हते, ते समोरच्या चेहऱ्यावर जाऊन आपटत होते. त्यानंतर रोज ती. तीन महिने रोज. सातशे मुली तिच्या आवाजानं रांगेत उभ्या राहायच्या. आताशा वर्गातही ती बोलायला लागली होती, तावातावानं, एकदा तर इतकी की बाई म्हणाल्या, आता हिला गप्प कोण करणार! आईनं यातलं काही ऐकलं नव्हतं. त्या वेळी आई दुकानाचं कुलूप उघडत असायची. सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि ऐकलेलं यात फरक असतोच.

"उजवीकडे बघा, उजवीकडे! विणकरांची वस्ती!" डोकी उजवीकडे. तिनं मुद्दाम डावीकडे बघितलं. डावीकडे आई होती. आई झोपली होती, तोंड किंचित उघडं. काल संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत बॅगेच्या तळाशी मोजे शोधताना तिच्या हाताला प्लास्टिकची पिशवी लागली होती. आत हिवाळ्याचे कपडे, तिची सगळी पाठ्यपुस्तकं आणि एक घडी घातलेला कागद. शाळा सोडल्याचा दाखला. तिचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण: स्वेच्छा. तो शब्द तिनं इतक्या वेळा वाचला की त्याची अक्षरं सुटी होऊन कागदावर नुसती वळवळायला लागली. आई न्हाणीघरातून केस पुसत आली. "हे काय आहे?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "अगं, आपलं बोलणं झालं होतं ना? माझी पाळी आता रात्री नऊपर्यंत. तू घरी एकटी. मावशीकडे खोली आहे, शाळा तीन मिनिटांवर. बस उद्या तिच्या फाट्यावरूनच जाते. तू हो म्हणाली होतीस." कधी? ती आठवायला लागली. आणि आठवलं: आई कणीक मळत होती, फोन खांद्यानं कानाला धरलेला, आणि आईनं मान वळवून विचारलं होतं, "राहशील ना गं मावशीकडे?" आणि दोन श्वासांनी फोनमध्ये म्हटलं होतं, "राहील, राहील. न राहायला काय झालं?" तिला वाटलं होतं चार दिवस. सुट्टीपुरतं. म्हणजे ही सहल नव्हतीच, ही पोचवणी होती. एका दगडात दोन पक्षी, आणि त्यातला एक पक्षी नावानंच चिमणी! काल तिला हे सगळं म्हणायचं होतं. आई समोर बसून केस विंचरत होती, वाट बघत होती, भुवया मदतीला उचललेल्या. तिच्या तोंडून "म, म, मला" एवढंच आलं. आई म्हणाली, "भीती वाटते. कळतंय मला. होईल सवय." आणि दिवा मालवला.

भीती वाटत नव्हती. पण आता ते कोण कुणाला सांगणार? फाटा चार वाजता. आत्ता दोन. मावशीच्या गावातली शाळा तिनं पाहिली होती. तिथं भोंगा नव्हता, घंटा होती. तिथं ती पुन्हा "बोलत नाही इतकंच" होणार होती, आणि या वेळी मावशी बोलणार होती तिच्या वतीनं, तीही प्रेमळच. हे प्रेमळ लोकांचं राज्य कुठं संपतं कोण जाणे! तिनं कपाळ काचेला टेकवलं. काच थंडगार. पलीकडं एक पान वाऱ्यानं येऊन काचेला चिकटलं, थरथरलं, बराच वेळ बसबरोबर आलं. तिला त्याची दया आली, मग राग आला. सुट की बाबा, तू तरी बाहेर आहेस.

जुन्या पुलापाशी वीस मिनिटं. सगळ्यांनी फोटो काढले, चहा प्यायले, मास्तरांनी पुलाच्या कमानी मोजून गाईडबाईंची चूक काढली, आणि सगळे पुन्हा आत. गाईडबाईंची हजेरीची पद्धत ठरलेली. त्या तोंडं बघत नसत. "तोंडं फसवतात," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "कुणी शालीत गुरफटलेला, कुणी बाकाखाली चप्पल शोधणारा. मी एकदा एका बॅगेला माणूस समजून मोजलं आणि माणूस धरणावर राहिला. तेव्हापासून मी आवाज मोजते. ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं बोलायचा." पाठमोऱ्या उभ्या राहून, मोजणीयंत्राकडे बघत, प्रत्येक आवाजाला त्या एक टिकटिक दाबायच्या. एक. दोन. तीन. आकडे मागं मागं येत होते. वीस. एकवीस.  समोरून "बावीस!" आला, आणि तिनं, समोरच्या बाकाची पाठ ही भोंग्याच्या खोलीतली भिंत आहे असं मानून, म्हटलं, "तेवीस."

त्याच क्षणी आई म्हणाली, "तेवीस-चोवीस!" मग पंचवीस, सव्वीस, थेट बत्तीसपर्यंत. गाईडबाई वळल्या. "तेहतीस?" यंत्र हलवून बघितलं. "मंडळी, एक माणूस जास्त आहे."

"जास्त?" सव्वीस नंबर घाबरून म्हणाली. "कोण शिरलं?"

"पुलावरचा असेल एखादा," मास्तर म्हणाले. "साडेतीनशे वर्षांपूर्वीचा."

कुणी बाकांखाली बघितलं. ड्रायव्हरनं आरसा हलवला. पुन्हा मोजणी. बावीस. "तेवीस," ती म्हणाली. "तेवीस-चोवीस," आई म्हणाली. पुन्हा तेहतीस. आता कुणी हसत नव्हतं, घड्याळं बघत होते. "धबधबा साडेपाचला बंद होतो हो," गाईडबाई काकुळतीला आल्या. धबधबा बंद कसा होतो, असं मास्तर विचारणार होते, बायकोनं गुडघ्यावर चापट मारली. आई तिच्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "तू का बोलतेस गं?"

"माझा नंबर आहे."

"मी बोलते ना तुझा."

"म्हणूनच तर एक जास्त होतोय."

आईनं तिच्याकडे बघितलं. दुकानात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघते तसं, एकेक भिंग बदलत. हे स्पष्ट दिसतंय की हे? मग समोर तोंड करून मांडीवर दोन्ही हात एकमेकांत गुंफून बसली. तिसरी मोजणी सुरू झाली. एकवीस. बावीस. आणि आई गप्प राहिली.

आता बाक भिंत होईना. आता एकतीस माणसं, गाईडबाईंचा अंगठा यंत्रावर, ड्रायव्हरचे आरशातले डोळे, सगळी बस तिच्या तोंडाकडे बघत होती. त तिच्या जिभेच्या टोकावर येऊन आडवा पडला. "त," ती म्हणाली. "त, त." एक श्वास. दोन. आईचा नंबर तिच्या नंबरामागं उभा होता, त्याच्यामागं मास्तरांचा, त्याच्यामागं सगळ्यांचा, आणि पुढं ती, उंबऱ्यात. मास्तर मागून दयेनं पुढं झुकले, म्हणाले, "ते..." आणि आईचा हात वर गेला. मागं न बघता, पंजा उघडा, रस्त्यातली गाडी थांबवावी तसा. मास्तर गप्प. तीन श्वास. चार. आईचे ओठ पांढरे पडले होते, वरच्या दातांनी खालचा ओठ धरून ठेवला होता तिनं. पाच. आई एवढी थांबू शकते हे तिला कधी माहीतच नव्हतं. कदाचित आईलाही.

"तेवीस," ती म्हणाली.

"चोवीस," आई म्हणाली, आणि आईचा आवाज फाटला.

बत्तीस. बस निघाली. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळ्यांना धबधब्याची घाई. ती मात्र थांबली नाही, दार उघडं आहे तोवर निघून जावं तसं काचेकडे तोंड करून म्हणाली, "आई, मला मावशीकडे राहायचं नाही. मला माझ्या शाळेत राहायचं आहे. रात्री नऊपर्यंत मी एकटी राहीन, मला चालतं." सगळं वाक्य काचेवर वाफ होऊन उमटलं आणि विरलं. आईनं पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "आता सांगतेस? मावशी फाट्यावर येऊन उभी असेल." मग कितीतरी वळणं नुसतीच गेली.

मावशी उभी होतीच. फाट्यावर, उंच झाडाखाली, स्कूटरपाशी, हात हलवत. बस थांबली. ड्रायव्हर उतरला, खालच्या कप्प्याचं दार वर गेल्याचा आवाज आला, आणि लाल बॅग रस्त्याकडेला उभी राहिली. आई उठली. "तू बस," म्हणाली. "मी बोलते." आणि गेली. मी बोलते! तिला हसू आलं आणि रडूही. काचेतून दोघी बहिणी दिसत होत्या, ओठ हलत होते, हात हलत होते, मध्ये लाल बॅग, आवाज मात्र इकडचा थंड हवेचा घुंईऽ. आपल्याबद्दल बोलणं चाललंय आणि आपण काचेच्या आत. आई काय बोलत असेल? राहील, राहील, न राहायला काय झालं? की दुसरं काही? आईचे गुडघे आता आड नव्हते. जागा मोकळी होती. पण ती खिळल्यासारखी बसून राहिली, बारा वर्षांची सवय अंगात मुरलेली.

"चला मंडळी, पाच मिनिटं झाली, आवाज द्या!" गाईडबाई पाठमोऱ्या झाल्या. एक. दोन. तीन. आकडे आले. बावीस. "तेवीस," ती म्हणाली, बिनठेचेचं, आणि तिच्या तोंडात त्याला जोडूनच, तितक्याच सहज, गुळगुळीत, "चोवी..." आला.

ती दचकली. तो शब्द कुणी ढकलला नव्हता. तो आपोआप आला होता, झोपलेल्या माणसावर पांघरूण ओढावं तसा. आई बाहेर धुळीत उभी होती आणि तिची लेक तिला आत मोजत होती. इतकं सोपं असतं हे! यात दुष्टपणा नाही, यात काहीच नाही. माणूस बाजूला आहे असं वाटतं, इतकंच.

"चोवीस खाली आहे," ती ओरडली. "थांबा!" गाईडबाई वळल्या. ती उठून उभी राहिली होती. "आणि तेवीस पण खाली चाललीय."

उतरताच गार वारा तोंडावर आला आणि आईचं वाक्य कानांवर: "...तब्येतच बरी नाही गं तिची, दोन दिवस कणकण आहे, पुढच्या वर्षी बघू..." म्हणजे आई तिच्या बाजूनंच बोलत होती. पुन्हा लाल गोळी देत होती, हट्टानं, प्रेमानं. मावशीनं तिला बघितलं. "आली का गं चिमणी! बरं नाहीये तुला? अगं, खोली रंगवली तुझ्यासाठी. लाल पडदे लावलेत."

दोघी तिच्याकडे बघत होत्या. दोन चेहरे, चार भुवया. शब्द अडकले. तिनं त्यांना अडकू दिलं. मागं इंजिन गुरगुरत होतं, मास्तर खिडकीला नाक लावून बघत होते. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"म, मला बरं आहे, मावशी. ठणठणीत आहे मी. मला यायचं नाही. माझी शाळा मला आवडते."

मावशीचा चेहरा उतरला. तिच्या हातात दुसरं हेल्मेट होतं, नवंकोरं, तेही लाल. ते तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मग पडदे?" ती म्हणाली, कुणालाच नाही.  ते बघून पोर पिवळ्या गोळीचं काही बोलली नाही. लाल बॅगेचा कान धरून तिनं ती स्वतःच ओढत कप्प्यापर्यंत नेली, गुडघ्यानं ढकलून आत घातली. बॅग भयंकर जड होती. आत सगळा हिवाळा होता.

पुन्हा मोजणी झाली, बत्तीसची बत्तीस. मागच्या काचेत मावशी लहान होत गेली, दोन हेल्मेटं घेऊन. बसमध्ये तोच वास, तोच घुंईऽ, तीच न उघडणारी काच, मांडीला मांडी लावून तीच आई. शाळा तर सुटलीच होती, कागदोपत्री, स्वेच्छेनं. तिची जागा कदाचित एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली असेल, माइकही. आईनं पर्स मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "सोमवारी शाळेत जाऊन मोठ्या बाईंशी मी बो..."

आणि थांबली. एक श्वास. दोन. पर्स उघडली, त्यातलं संत्रं काढलं, सोलायला लागली. तीन. चार. बस वळणावर कलली. आई थांबली होती.